जागतिक विषयावर संशोधन प्रकल्प करताना: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

हवामानबदल, स्थलांतर, लोप पावणाऱ्या भाषा, जंगलतोड, पिण्याचं पाणी. पदव्युत्तर वर्गातले बरेच प्रकल्प अशा एखाद्या मोठ्या विषयापासून सुरू होतात आणि एकाच ठिकाणी येऊन अडकतात. विषय ठरला की लगेच ऑनलाइन फॉर्म तयार होतो, शे-दोनशे लोकांकडून भरून घेतला जातो, आणि मग या उत्तरांचं करायचं काय, असा प्रश्न पडतो. वाचन शेवटी उरकलं जातं. नैतिकता समितीच्या परवानगीची आठवण माहिती गोळा झाल्यावर होते. मेहनत कमी पडलेली नसते, क्रम चुकलेला असतो, आणि चुकलेला क्रम शेवटच्या महिन्यात दुरुस्त करता येत नाही.

पुढचे टप्पे साधारण सहा महिन्यांच्या, एकट्याने करायच्या प्रकल्पासाठी आहेत. एक उदाहरण मी बऱ्याच टप्प्यांतून पुढे नेलं आहे: बांगलादेशच्या नैऋत्य किनाऱ्यावरचं स्थलांतर. सामाजिक, सांस्कृतिक आणि पर्यावरणीय असे तिन्ही धागे त्यात इतके गुंतलेले आहेत की चुका कुठे होतात ते स्पष्ट दिसतं.

## सुरू करण्यापूर्वी: वेळापत्रक आणि निर्णयवही

सादर करण्याच्या तारखेपासून मागे मोजत या. २४ आठवडे हातात असतील तर ४ आठवडे प्रश्न ठरवायला, ५ वाचनाला आणि व्याख्यांना, ३ परवानगीला आणि प्रश्नावलीला, ५ माहिती गोळा करायला, ४ विश्लेषणाला आणि ३ लेखनाला, अशी वाटणी चालते. पहिल्या दोन कामांना नऊ आठवडे देणं अनेकांना उधळपट्टी वाटते. पण पुढे वाया जाणारा वेळ इथेच वाचतो. परवानगीचा अर्ज मात्र तयार होताच द्या. समितीच्या बैठकांच्या तारखा तुमच्या सोयीने ठरत नाहीत, त्या पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

दुसरी तयारी म्हणजे निर्णयवही. कागदाची असो की फोनमधली, प्रत्येक महत्त्वाचा निर्णय तारखेसह त्यात एका ओळीत लिहायचा: काय ठरवलं, का ठरवलं, कोणता पर्याय सोडला. पद्धतीवरचं प्रकरण पुढे या वहीतून जवळजवळ आपोआप तयार होतं. तोंडी परीक्षेत ‘हेच गाव का?’ असं विचारलं तर उत्तर शोधत बसावं लागत नाही.

## टप्पा १: विषयाचा प्रश्न करा

‘हवामानबदलाचे समाजावरील परिणाम’ हा विषय आहे, प्रश्न नाही. त्याला उत्तर देता येत नाही, त्यावर फक्त बोलत राहता येतं. विषयाचा प्रश्न व्हायला चार गोष्टी लागतात: कोण, कुठे, कोणत्या काळात, आणि कशाशी तुलना. यांतली चौथी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

उदाहरण घ्या. बांगलादेशच्या खुलना आणि सातखिरा भागात जमीन आणि पाणी खारं झालं आहे, आणि लोक गाव सोडून जात आहेत. पहिला मोह होतो तो ‘समुद्राची पातळी वाढल्यामुळे स्थलांतर’ असं शीर्षक देण्याचा. पण या भागात १९६०च्या दशकापासून नद्यांच्या काठाने मातीचे बांध घालून पोल्डर, म्हणजे बांधांनी वेढलेले जमिनीचे पट्टे, तयार केले गेले. १९८०च्या दशकापासून अनेक पोल्डरमध्ये कोळंबीच्या शेतीसाठी खारं पाणी मुद्दाम आत घेतलं गेलं. १९७५ मध्ये गंगेवर फरक्का धरण सुरू झाल्यावर कोरड्या ऋतूत खाली येणारं गोडं पाणी घटलं. मे २००९ मध्ये आयला चक्रीवादळाने बांध फोडले आणि कित्येक गावं दीर्घकाळ भरती-ओहोटीच्या पाण्यात राहिली. म्हणजे खारेपणाला निदान चार कारणं आहेत, आणि समुद्राची पातळी त्यांतलं एक. शीर्षकातच एक कारण गृहीत धरलं तर बाकीची तीन तपासायची वाटच बंद होते.

आता हा प्रश्न पाहा: ‘आयलानंतर एकाच पोल्डरमधल्या काही कुटुंबांनी कायमचं गाव सोडलं, काहींनी सोडलं नाही. या दोन गटांच्या वादळाआधीच्या जमीनमालकीत फरक होता का?’ इथे कोण, कुठे, कधी ठरलेलं आहे, तुलनाही आहे. वादळ दोन्ही गटांनी सोसलं, त्यामुळे वादळाचा परिणाम आपोआप बाजूला होतो. असा प्रश्न छोटा दिसतो, पण जागतिक चर्चेतल्या एका खऱ्या वादाला तो हात घालतो: संकट आल्यावर गरीब आधी बाहेर पडतात, की बाहेर पडण्याइतकेही पैसे नसल्यामुळे तेच अडकून राहतात?

तपासा: तुमच्या प्रश्नाचं कोणतं उत्तर आलं तर तुमचा अंदाज चुकीचा ठरेल, ते एका वाक्यात लिहा. असं वाक्य लिहिता येत नसेल तर प्रश्न अजून तयार नाही. पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

सावधान: ‘शाश्वत विकास ध्येय क्रमांक अमुक’ एवढं जोडल्याने विषयाचा प्रश्न होत नाही. २०१५ मध्ये स्वीकारलेल्या या चौकटीत १७ ध्येयं आणि १६९ लक्ष्यं आहेत. ध्येयाचा उल्लेख करायचाच असेल तर नेमकं लक्ष्य आणि त्याचा निर्देशक उचला, आणि तो मोजतात कसा ते वाचा.

## टप्पा २: शब्द पक्के करा, मगच आकड्यांना हात लावा

माझ्या मते सर्वांत जास्त प्रकल्प इथे पडतात, आणि पडले हे शेवटपर्यंत कळत नाही. जागतिक आकडेवारीतला प्रत्येक शब्द कुणीतरी ठरवलेल्या व्याख्येवर उभा असतो. दोन संस्थांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी ठेवले की ते एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत असं वाटू लागतं.

जंगलाचं बघू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत जंगल म्हणजे अर्ध्या हेक्टरपेक्षा मोठी जमीन, ५ मीटरहून उंच झाडं, आणि १० टक्क्यांहून जास्त छत्र, म्हणजे झाडांच्या फांद्या-पानांनी झाकलेला भाग. जमिनीचा वापर मुख्यतः शेतीसाठी किंवा शहरी नसावा. त्यामुळे झाडं तोडलेली, पण पुन्हा वाढवायची असलेली जमीन या हिशोबात जंगलच राहते. रबराची लागवड जंगलात धरतात, तेलताडाची धरत नाहीत. उपग्रहावरून केलेल्या वृक्षाच्छादनाच्या नकाशांना मात्र जमिनीचा वापर दिसत नाही, त्यांना फक्त झाड दिसतं. तिथे तेलताडाचा मळा वृक्षाच्छादन म्हणून मोजला जातो आणि जुनी झाडं काढून नवी लावली तर ते ‘नुकसान’ म्हणून नोंदलं जातं. एका देशाचं जंगल एका स्रोतात स्थिर आणि दुसऱ्यात झपाट्याने घटताना दिसू शकतं, आणि दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येनुसार बरोबर असतात. विद्यार्थी यातला एक आकडा २०००चा आणि दुसरा २०२०चा घेऊन ‘घट’ काढतो, तेव्हा त्या वजाबाकीला काहीही अर्थ उरत नाही.

स्थलांतरितांचंही तसंच. काही देश परदेशात जन्मलेल्यांना मोजतात, काही परदेशी नागरिकत्व असलेल्यांना. स्थलांतरित आई-वडिलांचं, त्याच देशात जन्मलेलं मूल पहिल्या यादीत नसतं, दुसऱ्या यादीत असू शकतं. ‘निर्वासित’ हा तर कायद्याचा शब्द आहे. १९५१च्या करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांवरून छळ होण्याच्या रास्त भीतीने देशाबाहेर असलेली व्यक्ती म्हणजे निर्वासित. पूर किंवा वादळ त्या यादीत नाही. म्हणून ‘हवामान-निर्वासित’ हा शब्द सरळ वापरू नका. वापरायचाच असेल तर त्याला कायदेशीर दर्जा नाही हे लिहा.

पाण्याच्या बाबतीत आपल्या उदाहरणाकडे परत येऊ. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या संयुक्त मोजणीत सुधारित स्रोतातून, म्हणजे बांधणीमुळे बाहेरच्या घाणीपासून सुरक्षित राहू शकणाऱ्या स्रोतातून, पाणी आणायला रांगेसकट जाऊन-येऊन ३० मिनिटांहून जास्त लागत नसतील तर ती ‘मूलभूत’ सेवा ठरते. नलिका-विहीर हा सुधारित स्रोत आहे. ‘सुरक्षित व्यवस्थापित’ या वरच्या पायरीसाठी पाणी घराच्या आवारात, हवं तेव्हा, आणि विष्ठेतल्या जंतूंपासून व प्राधान्याच्या रसायनांपासून मुक्त लागतं. ही प्राधान्याची रसायनं म्हणजे आर्सेनिक आणि फ्लोराइड. खारेपणा यात नाही. दाराशी नलिका-विहीर आहे पण पाणी तोंडात धरवत नाही, असं कुटुंबही कागदोपत्री सेवा मिळालेलं ठरू शकतं. अशी फट सापडली की तीच प्रकल्पाचा गाभा होऊ शकते. ती सापडते फक्त व्याख्या मुळातून वाचणाऱ्याला.

दारिद्र्यरेषेचे आकडे घेताना वर्ष आणि आधार दोन्ही बघा. जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने आंतरराष्ट्रीय रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. जुनी २०१७च्या आणि नवी २०२१च्या क्रयशक्ती-समतेवर, म्हणजे देशादेशांतल्या किमतींचा फरक जमेस धरून केलेल्या चलनांच्या तुलनेवर, आधारलेली आहे. जुन्या अहवालातला आकडा नव्या अहवालातल्या आकड्याशी थेट ताडू नका.

तपासा: तीन रकान्यांचा तक्ता करा: माझा शब्द, मी वापरत असलेली व्याख्या, ती मोजण्याचं साधन. तक्त्यात पाच ते आठ ओळी असाव्यात. ‘संस्कृती’, ‘समाज’, ‘जागतिकीकरण’ हे शब्द तिसऱ्या रकान्यात अडकतील. अडकले की ते बदला. ‘संस्कृतीचा ऱ्हास’ ऐवजी ‘घरात आजी-आजोबांशी मुलं कोणत्या भाषेत बोलतात’ असं लिहिलं की मोजता येतं.

## टप्पा ३: वाचन, नोंदीसकट

शोधशब्द आधी ठरवा आणि लिहून ठेवा: कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या तारखेला, कोणते शब्द टाकले, किती निकाल आले, त्यांतले किती ठेवले आणि उरलेले का वगळले. पद्धतशीर आढाव्यांसाठी प्रिझ्मा नावाची मार्गदर्शिका आहे, तिची सुधारित आवृत्ती २०२०ची. छोट्या प्रकल्पाला ती पूर्ण पाळायची गरज नाही, पण तिच्यातली गाळणीची आकृती जरूर वापरा.

हाती लागलेल्या चांगल्या लेखापासून दोन्ही दिशांना जा. त्याने कोणाचे संदर्भ दिलेत ते बघा, आणि त्याचा संदर्भ नंतर कोणी दिलाय तेही बघा. दुसरी दिशा बहुतेक जण विसरतात. मग दहा वर्षांपूर्वी खोडून काढलेला निष्कर्ष प्रकल्पात ताजा म्हणून येतो.

लेख वाचताना गोषवाऱ्यानंतर थेट पद्धतीचा भाग वाचा. नमुना कोणाचा, किती, कसा निवडला हे कळल्यावर निष्कर्ष वाचला तर तो किती दूरवर ताणता येईल याचा अंदाज येतो. नोंदी लेखागणिक न ठेवता तक्त्यात ठेवा, म्हणजे प्रकरण लिहिताना ‘अमुक म्हणतो, तमुक म्हणतो’ अशी जंत्री होणार नाही. ज्या प्रदेशावर काम करताय तिथल्या भाषेतलं आणि तिथल्या विद्यापीठांतलं लेखनही शोधा. इंग्रजीत न आलेलं बरंच काही तिथे असतं, आणि ते न वाचता ‘या विषयावर संशोधन झालेलं नाही’ असं लिहिणं चुकीचं ठरतं.

सावधान: एआयने सुचवलेला संदर्भ मूळ लेख उघडून पाहिल्याशिवाय यादीत घालू नका. लेखक खरे, नियतकालिक खरं, आणि लेख अस्तित्वातच नाही, असे संदर्भ ही साधनं तयार करतात. प्रत्येक लेखाचा डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) उघडून बघा, आणि लेख मागे घेतला गेलाय का हेही त्याच वेळी तपासा.

## टप्पा ४: प्रश्नाला साजेसा पुरावा निवडा

नवा सर्व्हे करायचा की आधीपासून उपलब्ध असलेली माहिती वापरायची, हे आवडीवर ठरवू नका. उपलब्ध माहितीत उत्तर असेल तर ती वापरा. ती बहुधा तुमच्या सर्व्हेपेक्षा मोठी आणि नीट तपासलेली असते.

मात्र पातळी जुळली पाहिजे. प्रश्न माणसांबद्दल आणि आकडे देशांचे किंवा प्रांतांचे, असं असेल तर फसगत होते. याचं प्रसिद्ध उदाहरण १९५०च्या एका अभ्यासातलं आहे. अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त होते तिथे निरक्षरता कमी दिसली. व्यक्तींची माहिती पाहिली तेव्हा परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षरता किंचित जास्तच निघाली. स्थलांतरित मुळात जास्त साक्षर असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच त्याचं कारण. देशागणिक तक्ते जोडून ‘लोक असे वागतात’ म्हणणारे प्रकल्प आजही हीच चूक करतात.

उपग्रह-चित्रं वापरणाऱ्यांनी साधनाच्या मर्यादा आधी बघाव्यात. लँडसॅट उपग्रहांची मालिका १९७२ पासून आहे, पण ३० मीटरची (म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटरचा) चित्रं १९८२ पासूनची. लँडसॅट-७च्या चित्रांत मे २००३ नंतर बिघाडामुळे पट्ट्यांची माहिती गहाळ आहे. सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरची चित्रं २०१५ पासून मिळतात. गावातली छोटी तळी मोजायची असतील तर १९९०ची आणि २०२०ची चित्रं एकाच बारकाईने वाचता येणार नाहीत. हवामानाबद्दल बोलायचं तर सरासरी ३० वर्षांची घेतात, सध्याचा आधार-काळ १९९१ ते २०२० आहे. पाच-सात वर्षांच्या पावसावरून हवामान बदललं असं सांगता येत नाही.

आता नमुन्याचा आकार. ‘३८४’ हा आकडा कित्येक प्रकल्पांत कुठून आला हे न सांगता लिहिलेला असतो. मोठ्या लोकसंख्येतून साधा यादृच्छिक नमुना, ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक-मर्यादा, आणि प्रमाण निम्मं-निम्मं धरलं तर तो येतो. तुम्ही आधी गावं आणि मग गावातली घरं निवडत असाल तर तो पुरत नाही, कारण एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. या सारखेपणामुळे नमुना किती पट वाढवावा लागतो ते सांगणारा डिझाइन इफेक्ट २ धरला तर तोच नमुना ७६८ होतो. आणि ओळखीच्या लोकांना पाठवलेल्या फॉर्मला हे गणित लागूच होत नाही. तिथे चूक-मर्यादा लिहिणं म्हणजे खोटी खात्री देणं.

मुलाखतींसाठी ‘१२ पुरतात’ असं म्हटलं जातं. त्यामागे २००६चा एक अभ्यास आहे. घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखतींपैकी पहिल्या १२ मध्येच बहुतेक मुद्दे येऊन गेले होते. तो गट एकजिनसी होता आणि प्रश्न ठरलेले होते. तुमचे सहभागी वेगवेगळ्या स्तरांतले असतील तर प्रत्येक गटाचा हिशोब वेगळा ठेवा.

आपल्या उदाहरणात आणखी एक खड्डा आहे. गाव सोडून गेलेली कुटुंबं गावात सापडणार नाहीत. गावातच सर्व्हे केला तर मिळतील फक्त राहिलेले आणि परत आलेले. म्हणून वादळाआधीची घरांची यादी शोधावी लागते, शेजाऱ्यांकडून गेलेल्यांचा माग काढावा लागतो, आणि शहरातल्या वस्त्यांतून त्यांना भेटावं लागतं. हे जमणार नसेल तर प्रश्न बदला. शहरात न जाता प्रश्न तसाच ठेवणं हा पर्याय नाही.

तपासा: माझ्या नमुन्यात कोण येऊच शकत नाही? या प्रश्नाचं उत्तर निर्णयवहीत लिहा.

## टप्पा ५: परवानगी आणि संमती

नैतिकता समितीची परवानगी मिळेपर्यंत कोणाचीही मुलाखत घेऊ नका, ‘फक्त पायलट’ (प्रश्नावलीची छोटी चाचणी) म्हणूनही नाही, जोवर समितीने पायलटला वेगळी मुभा दिलेली नाही. माणसांवरील संशोधनाचे नियम १९६४च्या हेलसिंकी जाहीरनाम्यातून आणि १९७९च्या बेल्मॉंट अहवालातून घडत आले. त्यांचं मर्म अर्जात कामाच्या भाषेत उतरलं पाहिजे: सहभागी व्यक्तीला नाही म्हणता येईल का, तिला कोणता धोका आहे, आणि फायदा कोणाला?

संमतीपत्र मोठ्याने वाचून समजेल अशा भाषेत लिहा. सही करणं जिथे धोक्याचं आहे, उदाहरणार्थ कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांसाठी, तिथे ध्वनिमुद्रित किंवा तोंडी संमतीची परवानगी मागा आणि नावं मुळात नोंदवूच नका. जे नोंदवलेलं नाही ते तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

सांस्कृतिक विषयांत एका व्यक्तीची संमती पुरत नाही. गाणं, विधी, औषधी वनस्पतींचं ज्ञान हे समूहाचं असतं. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. संशोधक येतात, घेतात आणि परत येत नाहीत, या अनुभवातून ती आली. वनस्पती किंवा त्यांच्याशी जोडलेलं पारंपरिक ज्ञान असेल तर २०१०चा नागोया प्रोटोकॉल (अशा संसाधनांचा फायदा न्याय्यपणे वाटून घेण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) आणि त्या देशाचा कायदा बघावा लागतो. ही परवानगी विद्यापीठाच्या परवानगीपेक्षा वेगळी असते.

सावधान: फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. दुर्मीळ प्रजातीचं घरटं, समाजाची पवित्र जागा किंवा लपून राहणाऱ्या माणसाचं घर त्यातून उघड होतं. लोकेशन आधीच बंद करा, आणि नकाशे ठेवाल तेव्हा जागा मुद्दाम ढोबळ करा.

## टप्पा ६: प्रश्नावली आणि पायलट

प्रत्येक प्रश्नासमोर लिहा: याचं उत्तर मी कोणत्या तक्त्यात वापरणार? उत्तर नसेल तर प्रश्न काढा. ‘असू द्या, उपयोगी पडेल’ असे प्रश्न लोकांचा वेळ खातात.

एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. ‘वादळामुळे तुमचं उत्पन्न आणि आरोग्य यांवर परिणाम झाला का?’ याला ‘हो’ म्हणणारा नेमकं कशाला हो म्हणाला ते कळत नाही. ‘झाला का’ विचारलं की बहुतेक जण ‘हो’ म्हणतात, हेही लक्षात ठेवा. ‘वादळाच्या आदल्या वर्षी घरात कमावणारे किती होते, नंतरच्या वर्षी किती?’ असं विचारा. कारण तुम्ही सुचवू नका. गाव का सोडलं ते आधी मोकळं सांगू द्या, पर्यायांची यादी नंतर. उत्पन्नाचे प्रश्न शेवटी ठेवा.

जुन्या काळाबद्दल वर्ष विचारू नका, घटना विचारा. ‘२००८ मध्ये किती जमीन होती?’ यापेक्षा ‘आयला आलं तेव्हा तुमच्या नावावर किती जमीन होती?’ याला भरवशाचं उत्तर मिळतं.

प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेत असाल तर एकाने भाषांतर करावं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट मूळ भाषेत आणावं. फरक पडेल तिथे शब्द बदला. एवढ्याने भागत नाही. चार-पाच जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि ‘तुम्हाला यात काय विचारलंय असं वाटलं?’ असं विचारा. ‘घर’ म्हणजे एका चुलीवरची माणसं की एका छपराखालची, असे घोळ इथेच बाहेर येतात.

तपासा: पायलटची उत्तरं घेऊन रिकामे तक्ते भरून बघा. भरता आले नाहीत तर चूक प्रश्नावलीत आहे, आणि ती आता दुरुस्त करता येते.

## टप्पा ७: माहिती गोळा करताना

रोज संध्याकाळी तीन कामं: त्या दिवसाच्या नोंदी पूर्ण करणं, फॉर्म तपासणं, आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवणं. मुलाखतीचा माहोल, कोण मध्येच येऊन बसलं, कोणत्या प्रश्नावर शांतता पसरली, हे दोन दिवसांनी आठवत नाही.

- नकार दिलेल्यांची आणि घरी न सापडलेल्यांची संख्या लिहा. हा आकडा नसेल तर प्रतिसादाचं प्रमाण सांगता येत नाही.
- ओळख करून देणारा माणूस तुम्हाला कोणाकडे नेतो आणि कोणाकडे नेत नाही, याकडे लक्ष ठेवा.
- दुभाषा लांबलचक उत्तराचं ‘ते नाही म्हणतात’ एवढंच करत असेल तर थांबवा आणि वाक्यागणिक सांगायला लावा. ध्वनिमुद्रण असेल तर काही भाग दुसऱ्याकडून तपासून घ्या.
- आपत्तीग्रस्त भागात वही-पेन घेऊन आलेला माणूस मदतीची यादी करतोय असा समज होतो. सुरुवातीलाच, आणि संभाषण संपताना पुन्हा, मदत मिळणार नाही हे स्पष्ट सांगा. नाहीतर नुकसानीचे आकडे त्या आशेने वाढतात, आणि त्या माणसांची निराशाही तुमच्यामुळे होते.

## टप्पा ८: विश्लेषण

मूळ फाइल कुलूपबंद ठेवा, काम प्रतीवर करा. ‘उत्तर नाही’ साठी ९९ टाकलं असेल तर सरासरी काढण्याआधी ते काढा. वयाच्या रकान्यात ९९ वर्षांची माणसं अशीच येतात.

आधी ठरवलेले तक्ते आधी करा. नंतर सुचलेल्या तुलना जरूर करा, पण त्या नंतर सुचल्या हे लिहा. वीस तुलना केल्या तर ५ टक्के पातळीवर एखादी निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ निघणं स्वाभाविक आहे. तेवढीच एक उचलून निष्कर्ष करू नका.

मुलाखतींना संकेत देताना, म्हणजे उत्तरांच्या तुकड्यांना विषयवार खुणा लावताना, थोडा भाग दुसऱ्या कोणाला स्वतंत्रपणे द्यायला सांगा आणि कुठे जुळत नाही ते बघा. मग मुद्दाम विरोधी उदाहरणं शोधा. भूमिहीन असूनही गाव न सोडलेलं कुटुंब, भरपूर जमीन असून निघून गेलेलं कुटुंब. त्यांचं स्पष्टीकरण जमलं तर तुमचं म्हणणं पक्कं होतं, जमलं नाही तर ते तसं लिहा.

## टप्पा ९: लेखन, उलट्या क्रमाने

पद्धत आधी, मग निष्कर्ष, मग चर्चा, मग वाचनाचं प्रकरण, मग प्रस्तावना, शेवटी गोषवारा. प्रस्तावना आधी लिहिली तर प्रकल्पाने न पाळलेली वचनं तिच्यात राहून जातात.

प्रत्येक दाव्यासमोर त्याचा तक्ता किंवा मुलाखत-क्रमांक लिहून बघा. ज्याच्यासमोर काही येत नाही तो दावा काढा. एका पोल्डरच्या अभ्यासातून ‘जगभरातले किनारी समाज’ अशी उडी मारू नका. तुमचा निष्कर्ष कोणत्या प्रकारच्या ठिकाणी लागू पडू शकेल ते सांगा: बांध असलेला, जमीन विषम वाटलेला, शहर जवळ असलेला किनारा. मर्यादांमध्ये ‘वेळ कमी होता’ लिहू नका. कोणते लोक सुटले आणि त्यामुळे निष्कर्ष कोणत्या दिशेला झुकला असेल, हे लिहा. परीक्षक हाच परिच्छेद आधी वाचतात असं समजून तो लिहा.

मुलाखतीतली वाक्यं शक्य तिथे मूळ भाषेतही द्या.

## टप्पा १०: सादर केल्यानंतर

नावं काढलेला डेटा विद्यापीठाच्या संग्रहात ठेवा, सोबत प्रश्नावली आणि रकान्यांचा खुलासा. नावं आणि क्रमांक जोडणारी यादी डेटापासून वेगळी ठेवा, आणि संमतीपत्रात कबूल केलेल्या तारखेला ती नष्ट करून निर्णयवहीत तशी नोंद करा. ज्यांनी वेळ दिला त्यांच्या भाषेत दोन पानांचा सारांश तयार करा आणि तो पोचवा. जाऊन वाचून दाखवता आला तर उत्तम, नाहीतर ध्वनिमुद्रण पाठवा. त्यांनी एखादी गोष्ट चुकली म्हणून सांगितली तर अहवालाच्या प्रतीला दुरुस्ती जोडा आणि तुमच्या गाईडलाही कळवा.